'टॉलरन्स'ला सहनशीलता म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की बोन मॅरो (हाडांतला रक्त तयार करणारा मगज) ट्रान्सप्लांटबद्दल पेशंटच्या घरच्यांसाठी मराठीत माहिती लिहायचीये, मुलाला वडिलांचा मॅरो द्यायचाय म्हणजे अर्धाच मॅच, तर त्यातल्या 'इम्यून टॉलरन्स'ला, म्हणजे प्रतिकारशक्तीने परक्या पेशींवर हल्ला न करण्याला, सहनशीलता लिहू की सहिष्णुता?

सहनशीलता तर अजिबात नको. सहन करणं म्हणजे त्रास होतोय तरी गप्प बसणं, आणि इथे ज्या पेशींना त्रास वाटला असता त्या एकतर मारल्या जातात नाहीतर आवरल्या जातात, सोसायला कुणी उरतच नाही. अर्ध्या मॅचमध्ये आता सर्रास वापरतात ती पद्धत बघा. मॅरो दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइडचा मोठा डोस देतात. तोवर वडिलांच्या ज्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी) मुलाच्या शरीरावर चवताळून भराभर वाढायला लागलेल्या असतात त्या यात मरतात किंवा निष्प्रभ होतात, आणि मॅरोतल्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल्स) वाचतात, कारण हे औषध निकामी करणारं एन्झाइम त्यांच्याकडे भरपूर असतं. बाकी शांत बसलेल्या टी पेशींतल्याही बऱ्याच वाचतात.

सहिष्णुता पाठ्यपुस्तकात चालेल. पण ती ऐकून वाटतं की प्रतिकारशक्ती सगळ्यांशीच मवाळ झाली, आणि टॉलरन्स तर नेमका असतो. १९५३ साली बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावर यांनी गर्भातल्या उंदरांना दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचल्या, पुढे त्या उंदरांवर त्याच वाणाची त्वचा टिकली, तिसऱ्या वाणाची मात्र शरीराने फेकून दिली.

मला विचाराल तर घरच्यांसाठी 'मानवणं' लिहा. हवा मानवली, मुंबईचं पाणी मानवलं नाही, हे आपण रोज बोलतोच, आणि त्यात 'ला' प्रत्यय आपोआप सांगतो की कुणाला काय मानवलं. इथे तेच तर सगळ्यात महत्त्वाचंय! किडनीच्या वेळी पेशंटच्या शरीराला किडनी मानवायला हवी. मॅरोत प्रकरण दुहेरी आहे, मुलाच्या शरीराला मॅरो मानवला पाहिजे, नाहीतर तो रुजणारच नाही, आणि वडिलांच्या पेशींना मुलाचं शरीर मानवलं पाहिजे, नाहीतर त्या त्वचा, आतडी, लिव्हर यांच्यावर हल्ला करतात, त्याला डॉक्टर जीव्हीएचडी म्हणतात. 'सहिष्णुता निर्माण झाली' असं लिहिलं की कोण कुणाशी सहिष्णु हे वाचणाऱ्याला कळतच नाही, बिचारा घाबरलेला असतो आधीच.

आणि औषधांनी प्रतिकारशक्ती दाबतात त्याला मानवणं लिहू नका हं, ते 'दाबणं'च. किडनीवाल्यांना बहुतेक वेळा ही औषधं जन्मभर घ्यावी लागतात, मॅरो नीट मानवला तर पुष्कळांची काही महिन्यांनी हळूहळू बंद करता येतात. तेव्हा वाक्य असं करा: "वडिलांच्या पेशींना मुलाचं शरीर मानवेपर्यंत प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागते." पहिल्यांदा एकदा कंसात सहिष्णुता द्या, पुढे नको.