वाचक विचारतात : बोर्डावर जाऊ का?

प्रश्न : आम्ही मूळचे रेवदंड्याचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आता न्यू जर्सीत. आई जिथे राहते त्या ज्यू वृद्धाश्रमाने मला बोर्डावर, म्हणजे संचालक मंडळावर, बोलावलंय, पगार नाही. नेमकं काम काय असतं?

उत्तर : ताई, जा की! पण फुकट म्हणजे सोपं असं नाही हं. अमेरिकेत नॉन-प्रॉफिटचं बोर्ड बजेट पास करतं, रोजचा कारभार बघणारा डायरेक्टर नेमतं, आणि खरं सांगायचं तर देणग्या गोळा करतं, कारण मेडिकेडचे, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचे, पैसे बहुतेक वेळा खर्चाला पुरत नाहीत आणि कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे, म्हटलं की मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, पेसाहच्या सणाला पुन्हा सगळं किचन घासून काढायचं, शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, बटण न दाबता मजल्यामजल्यावर आपोआप थांबणारी लिफ्ट, हे सगळं महागच पडतं. आई तिथेच आहे हे पहिल्याच मीटिंगला लिहून द्या, तिच्या फीचा विषय निघाला की मत देऊ नका. नर्सला परस्पर सूचना तर मुळीच नकोत, बोलायचं ते डायरेक्टरशी. आणि नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण मेनूत येतंय का तेवढं विचाराच, आपल्या म्हाताऱ्यांना ते बेगल, तो गोल कड्यासारखा पाव, किती दिवस चालणार!