अमेरिकेत सिटी मॅनेजर होण्यासाठी आयसीएमएचं प्रमाणपत्र सक्तीचं असतं का?

नाही, ते ऐच्छिक आहे. सिटी मॅनेजरची, म्हणजे शहराचा कारभार चालवणाऱ्या व्यावसायिक प्रशासकाची, नेमणूक निवडून आलेली नगरपरिषद करते आणि पात्रताही तीच ठरवते. वकिली किंवा डॉक्टरकीसारखा परवाना इथे लागत नाही. १९१४ मध्ये स्थापन झालेली आयसीएमए (इंटरनॅशनल सिटी/काउंटी मॅनेजमेंट असोसिएशन) ही या व्यावसायिकांची संघटना. तिचं प्रमाणपत्र, म्हणजे 'क्रेडेन्शियल्ड मॅनेजर' मानांकन, अनुभवी सदस्यांसाठी आहे, नवख्यांसाठी नाही. पदवीनुसार अनुभवाची अट बदलते. खरी कसोटी मात्र पुढची: दरवर्षी किमान ४० तासांचं शिक्षण आणि १९२४ पासून चालत आलेल्या आचारसंहितेचं पालन. माझ्या मते याचं खरं मोल या आचारसंहितेतच आहे. एक लक्षात घ्या, एखादं शहर जाहिरातीत या मानांकनाला प्राधान्य देऊ शकतं, म्हणून अर्जापूर्वी त्या पदाच्या अटी नीट वाचा.