डेव्हलपरला एम्पथी, म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघणं, कशाला लागते? ती शिकता येते का, आणि घरी तिचा उपयोग होतो का?

लागते. लागत नाही असं म्हणणाऱ्यांत मीही होतो, म्हणूनच लिहितोय.

काही वर्षांपूर्वी महिनाअखेरच्या रिपोर्टमध्ये आकडे जुळेनात. शेवटच्या दिवसाच्या नोंदी गळत होत्या. शोधता शोधता ओळ सापडली: तारखेच्या तुलनेत 'पेक्षा कमी' होतं, तिथे 'कमी किंवा बरोबर' हवं होतं. गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन; त्यातली ओळ कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारी 'ब्लेम' कमांड चालवली. नाव आलं आमच्या टीममधल्या ज्युनिअर मुलीचं. तिला नोकरीला लागून चार महिने झाले होते. मी टीमच्या ग्रुपवर, सगळ्यांसमोर, स्क्रीनशॉट टाकला आणि खाली लिहिलं, 'हे टेस्ट न करता मर्ज कसं झालं?' स्क्रीनशॉटमधलं नाव कापता आलं असतं. कापलं नाही.

तिने 'सॉरी, बघते' एवढंच लिहिलं. अर्ध्या तासाने ती माझ्या टेबलाशी आली, उघडा लॅपटॉप हातात धरून. "सर, मी ही ओळ फक्त इंडेंट केली होती. बाहेरून एक इफ घातला ना, म्हणून." मग तीच कमांड तिने डॅश डब्ल्यू लावून चालवली. ते लावलं की मोकळ्या जागांचे बदल, म्हणजे ओळ नुसती आत सरकवणं वगैरे, धरले जात नाहीत. ओळीपुढचं नाव बदललं. तिथे मी होतो, तीन वर्षांपूर्वीच्या तारखेसकट.

मला जास्त लागलं ते पुढचंच. ती चाचरत बोलत होती, मला वाईट वाटू नये म्हणून. तिने हे ग्रुपवर टाकलं असतं तर कोणी तिला बोल लावला नसता, तरी ती लॅपटॉप उचलून माझ्यापर्यंत चालत आली. मी ग्रुपवर माफी मागितली, ओळ माझी होती असं लिहिलं. पण पुढचे कित्येक आठवडे ती रिव्ह्यूला कोड टाकताना वर दोन-दोन परिच्छेद खुलासा लिहायची, कोणी काही विचारायच्या आधीच. चार ओळींच्या बदलालाही.

ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला, एवढंच ब्लेम सांगतं. सबव्हर्जन या गिटसारख्याच दुसऱ्या साधनात याच कमांडला 'प्रेझ', म्हणजे कौतुक, असंही दुसरं नाव आहे. कोणाचं कौतुक करायला मी ती एकदाही चालवली नव्हती.

घरीही माझं तेच. बाबांच्या फोनचं काही बिनसलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्ही काय दाबलंत?" ते म्हणायचे, "अरे, मी काही नाही दाबलं." मला राग यायचा, कारण प्रत्येक युजर हेच म्हणतो. पुढे त्यांनी विचारणंच बंद केलं. मला वाटलं, शिकले. मग एकदा त्यांची वही दिसली. 'हिरवं चिन्ह, मग वरचे तीन ठिपके, मग दुसरी ओळ' असं क्रमाने लिहिलेलं. अक्षर शेजारच्या मुलाचं होतं.

माझे जुने लीड म्हणायचे, 'कोडला भावना नसतात. गोड बोलायचं असेल तर दुसरं काम बघ.' दाखला लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचा: तो लोकांना झापतो म्हणूनच लिनक्स चाललंय. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. सर, सप्टेंबर 2018 मध्ये त्याच टोरवाल्ड्सनी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहिणाऱ्या डेव्हलपरांची जाहीर माफी मागितली, लोकांच्या भावना समजून घ्यायला मदत घेतो म्हणाले आणि काही आठवडे बाजूला झाले. तेव्हा कर्नलची 4.19 ही आवृत्ती त्यांचे सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी काढली. लिनक्स बंद पडलं नाही. आणि ज्या गिटच्या जोरावर आपण एकमेकांची नावं काढतो, तेही 2005 मध्ये टोरवाल्ड्सनीच सुरू केलेलं.

एम्पथी म्हणजे काहीही पास करणं, असं मात्र समजू नका. पासवर्ड उघडा साठवणारा कोड मी आजही अडवतो, समोर कोणीही असो. ज्याचा पासवर्ड फुटेल तोही माणूसच आहे. आणि पाच वेळा सांगूनही तेच करणाऱ्याला स्पष्ट शब्दांत सुनवावंच लागतं, फक्त एकट्याला बाजूला घेऊन.

शिकता येते का? स्वभाव बदलतो की नाही माहीत नाही, पहिला प्रश्न बदलता येतो. ऑफिसमध्ये मी आता 'कोणी केलं'च्या आधी 'काय झालं' विचारतो. घरी 'काय दाबलंत'च्या जागी 'काय दिसतंय' विचारायचं ठरवलंय. पण बाबा फोन अजून शेजारच्या मुलाकडेच नेतात.