आधी माणूस उभा कर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तलावपाळीवर तू चहा हातात धरून बसून राहिलीस. तो गार झाला. ऐरोलीच्या गाडीसाठी उठताना विचारलंस, "मावशी, सगळे म्हणतात मुलीने हसवण्यासाठी रंगमंचावर असं धाडकन पडू नये, पुढे चांगली कामं मिळत नाहीत. सोडून देऊ का?" तेव्हा मी गप्प राहिले, कारण आवाज चढला असता.

एकांकिकेत तू खुर्चीवरून तीनदा पडलीस. पहिल्यांदा हशा आला, दुसऱ्यांदा निम्मा, तिसऱ्यांदा फक्त तुझ्या कॉलेजची मुलं हसली. का? ती बाई कोण, कुणासमोर ऐटीत बसायला निघाली होती, हे आम्हाला कळलंच नव्हतं. ऐट दिसली असती तर खुर्ची नुसती करकरली तरी हसलो असतो. आधी माणूस उभा कर, मग पाड.

मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन, त्याला लहानपणी त्याचे वडील रंगमंचावर अक्षरशः फेकत. आपण हसलो की प्रेक्षक हसत नाहीत, हे त्या पोराला तेव्हाच कळलं. म्हणून 1928 सालच्या एका मूकपटात घराची अख्खी भिंत अंगावर कोसळली, खिडकीची मोकळी चौकट बरोबर त्याच्याभोवती आली, तरी चेहरा तसाच. तू मात्र पडायच्या आधीच गालात हसतेस. ते बंद कर!

आणि 'पडणं' म्हणजे हलकं काम, हे कुणी ठरवलं? दिलीप प्रभावळकरांनी 'हसवाफसवी'त सहा माणसं केली. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे बावन्न जण उभे करायचे. प्रत्येकाचा तोल वेगळा, पाऊल वेगळं. ज्याला शरीर बदलता येतं त्याला गंभीर कामही येतं. उलटं क्वचितच घडतं.

मलाही एका निर्मात्याने हेच सांगितलं होतं, बाईला शोभत नाही म्हणून. मी ऐकलं. 1994 ते 2005, अकरा वर्षं पदर सावरत सोशिक सुना केल्या. नाईट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, वेळेवर मिळायची, घरात दोन मुलं होती, भाडं होतं. ते चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण गडकरी रंगायतनच्या विंगेत उभी राहून दुसऱ्या कुणाला कोलांटी मारताना पाहायचे तेव्हा पोटऱ्या आपोआप ताणल्या जायच्या. पुन्हा सुरुवात केली तेव्हा अंग विसरलं होतं. पहिल्याच तालमीत तळहातावर पडले आणि मनगट गेलं. पडताना हात टेकायचा नाही, हे मी विसावं लागण्याआधीच शिकले होते. गुडघे वाकवून खाली जायचं, हनुवटी छातीशी, श्वास सोडत मांडीवरून खांद्याकडे लोळायचं. कॉलेजच्या लादीवर तर गादीशिवाय अजिबात नाही. मनगट अजून दुखतं, आणि तू विचारतेस सोडू का!

माणूस उभा कर. हे मी शंभरदा सांगेन. वाशी स्टेशनवर अर्धा तास बस आणि जिना चढणारी माणसं बघ: पिशवी कुठल्या हातात, कुठला पाय आधी, धक्का लागल्यावर कोण चिडतं आणि कोण माफी मागतं. त्यातली एक बाई निवड.

गुरुवारी सहाला घरी ये. गादी आहे, खुर्ची आहे. गुडघ्यांच्या पट्ट्या आण. ती बाई चालून दाखव. त्या दिवशी पाडणार नाही मी तुला.

तुझी
मावशी