काजू कारखान्यातल्या बायकांचे हात भाजतात म्हणे, मग काजू घेणं बंद करावं का?

बंद करू नका. तुम्ही लिहिलंय की चिकाने काळे पडलेले हात बघितल्यापासून काजू घशाखाली उतरत नाही, आणि आता मालवण-वेंगुर्ल्याला फिरायला येताय तर कुठला काजू घेतला तर इथल्या किंवा गरीब देशांतल्या कोणाचं शोषण होणार नाही. मी वेंगुर्ल्याकडचीच, एका काजू युनिटमधे काही वर्षं हिशेब लिहायचे, कोणाच्या हातात शनिवारी किती पडले ते माझ्याच वहीत असायचं, तेव्हा जे लिहितेय ते तिथून लिहितेय.

मागणी कमी झाली की मालक सगळ्यात आधी बायकांना निरोप धाडतो, उद्या येऊ नका, बी नाही. त्या हजेरीवर म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या पगारावर नसतात, किलोवर असतात, जितकं काम तितके पैसे, त्यामुळे त्यांना घरी बसवायला त्याला एक रुपया खर्च येत नाही. तुमच्या बहिष्काराचा पहिला फटका तिलाच, मालक दुसरा धंदा करेल.

आता हातांचं. काजूच्या टरफलात जो चीक असतो तो कातडी जाळतो, बी वाफवली की जोर कमी होतो पण जात नाही. कटिंगला बसलेली बाई पायाने पेडल मारून बी फोडते आणि टोकदार सुईने गर बाहेर काढते, शेजारी वाटीत खोबरेल नाहीतर राख, दर थोड्या वेळाने बोटं त्यात घालायची. ग्लोव्हज नसतात असं नाही हं, आमच्याकडे खोकं भरून पडलेले होते, लेबर इन्स्पेक्टर आला की बाहेर निघायचे. बायकाच घालत नाहीत, 'मोजे घातल्यार गर हातात गावना नाय, मोडता'. आणि मोडला की पैसे कमी, कारण अख्ख्या गराला पूर्ण दर आणि पाकळी (उभा दुभंगलेला अर्धा गर) नाहीतर तुकडा जास्त पडला तर दर कापतात. म्हणजे ग्लोव्हज कोपऱ्यात पडून राहतात ते दरामुळे. बाहेरून येणारे लोक, एनजीओवाले सुद्धा, ग्लोव्हज दिलेत का एवढंच विचारून फोटो काढून जातात. दर कसा लावता ते कोणी विचारत नाही.

आणि अख्ख्या गराचा हा हट्ट कोणाचा? आपला. ३२० नंबर म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० गर, १८० नंबर म्हणजे त्याहून मोठा, दिवाळीच्या बॉक्समधे तोच पाहिजे, एक जरी पाकळी दिसली तरी लोक परत करतात. मग घरी जाऊन मिक्सरला लावून ग्रेव्ही! काजूकतलीला, भाजीला पाकळी घ्या ना, चव तीच. त्याने उद्या कोणाचा दर वाढेल असं मी म्हणत नाही, पण तुकड्याला चांगला भाव आला तर तुकडा पडल्याची शिक्षा तेवढी कडक ठेवायला मालकाला कारण उरत नाही.

बॉयलरवर आणि ड्रायरवर पुरुष असतात, ते हजेरीवर. कटिंग, सोलणं, ग्रेडिंग बायकांचं, ते किलोवर. बाई-पुरुषाला समान वेतनाचा कायदा १९७६ मधेच आला, पण काम वेगळं आहे म्हटलं की तुलनाच होत नाही, संपला विषय. त्यात ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतो १० माणसांपासून आणि पीएफ २० पासून, म्हणून कागदावर माणसं कमी दिसावीत यासाठी एकच शेड दोन-तीन नावांवर, एक बायकोच्या, एक भावाच्या. उरलेली बी घरोघरी सोलायला, घरी सोलणारी तर कुठल्याच मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर नसते. घरून काम करणाऱ्यांसाठी आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) १९९६ चा करार आहे, भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. ईएसआयचं कार्ड असलेल्या बाईचा हात चिघळला तर दवाखाना आणि रजेचे पैसे मिळतात, नसलेलीला हळद.

तुमच्या प्रश्नात 'गरीब देश' पण आलेत, त्याबद्दल एक गोष्ट इथे बऱ्याच जणांना माहीत नसते. आमचा सीझन फेब्रुवारी ते मे, पुढे कारखाने चालतात ते आफ्रिकेच्या बीवर, आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया वगैरे. मोझांबिकमधे एकेकाळी काजूचे मोठमोठे कारखाने होते, तिथेही बायका कामाला. १९९० च्या दशकात जागतिक बँकेने कर्जाच्या अटीत कच्च्या बीच्या निर्यातीवरचा कर कमी करायला लावला, बी थेट भारतात यायला लागली आणि तिथले कारखाने एकेक करून बंद पडले, हजारो लोक घरी. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे जास्त मिळतील असं सांगितलं होतं, ते बरेचसे मधल्यामधेच गेले. म्हणजे आमच्या शेडमधला पावसाळ्यातला रोजगार तिकडच्या बाईच्या हातातून आलेला. आणि त्याच आयात बीमुळे आमच्या बागायतदाराला भाव मिळत नाही, तो हमीभाव मागत बसलाय! 'मी आफ्रिकेचा काजू खात नाही' म्हणून कोणाचं भलं होईल, सांगा.

एक अपवाद मात्र मी करते. कमी मजुरी वेगळी आणि जबरदस्ती वेगळी. २०११ मधे ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांवर काम करणाऱ्या संस्थेने व्हिएतनामच्या व्यसनमुक्ती केंद्रांबद्दल रिपोर्ट काढला होता, तिथे डांबून ठेवलेल्या लोकांकडून काजू सोलून घ्यायचे, मारहाण वगैरे. तसलं कुठे कळलं तर तो माल घेऊ नकाच, तिथे कामावर जाणं हा त्या माणसाचा निर्णयच नसतो.

बाकी इथे आलात की मोठ्या शोरूमपेक्षा जिथे मागे शेड दिसते अशा ठिकाणी घ्या किंवा बचत गटाकडून, आणि सरळ विचारा की सोलणाऱ्यांना किलोवर देता की हजेरीवर, ईएसआय आहे का. चिडले तर समजून जा. गिऱ्हाईक विचारतंय हे मालकाच्या कानावर गेलं की फरक पडतो, आमच्या मालकाने एका हॉटेलवाल्याने दोनदा विचारल्यावर कटिंगवाल्यांना कार्डं काढून दिली, सरकारी नोटिशीने काढली नव्हती. किलोमागे वीस रुपये कमी करा म्हणून घासाघीस करायची असेल तर मग हा प्रश्न विचारू नका, कारण ते वीस रुपये कुठून कापले जातात ते वर लिहिलंच आहे. मार्च-एप्रिलमधे येणार असाल तर बाजारात बायका ओले काजूगर शेकड्यावर विकतात, सुरीने स्वतः फोडलेले, मधे कोणी नाही. ते घ्या, उसळ करा, आणि शंभरावर दहा फुकट मागू नका.