प्रवासात काढलेल्या ऐतिहासिक वास्तूंच्या फोटोंखाली त्यांची गोष्ट लिहावी का? लोक वाचतात का?

लिहावी. आणि लोक वाचतात. आमच्याकडे एका फोटोखालच्या चार ओळींवरून दोन सख्ख्या भावांचं महिनाभर बोलणं बंद होतं.

मी बेळगावचा, शहापूरचा. सांगलीची मावसबहीण मुलांना घेऊन आली होती, म्हणून सगळ्यांना किल्ल्यात कमल बस्ती हे जुनं जैन मंदिर दाखवायला नेलं. मुखमंडपाच्या छताला दगडी कमळ आहे, खाली लोंबणारं, पाकळ्यांचे थरावर थर. फ्लॅश मारला की ते थाळीसारखं सपाट दिसतं. मी फ्लॅश बंद केला, थंडगार फरशीवर उताणा झोपलो आणि मंडपाच्या उघड्या बाजूंनी येणाऱ्या उजेडात फोटो घेतला. एकेका पाकळीची कड सावलीसकट उठून आली. भाचीही शेजारी झोपून पाकळ्या मोजत बसली.

रात्री घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: "कमल बस्ती, बेळगाव किल्ला. जैन मंदिर, मूर्ती नेमिनाथांची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं 1204 च्या सुमारास बांधलं. तेव्हाचं गावाचं नाव वेणुग्राम. शिलालेख कन्नडमध्ये."

दहा मिनिटांत दादाचा फोन. "सगळं लिहिलंस ते ठीक, पण कन्नड लिहायची काय गरज होती? आपल्याच हातानं पुरावा देतोस की त्यांना!"

दादाचा राग कुठून येतो ते मला ठाऊक आहे. 1956 साली आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातलं, ते आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. 1 नोव्हेंबरला काळी फीत तोही लावतो, मीही लावतो. पण आठशे वर्षांपूर्वी कोरणाऱ्याला भाषावार प्रांतरचना माहीत नव्हती. आणि त्या लेखाच्या शिळा इंग्रजांच्या काळातच लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या, वाचन होऊन छापूनही आल्या. मी एक शब्द गाळून काय लपणार आहे? उद्या आपला माणूस आपल्या बाजूचा एखादा ताम्रपट दाखवेल, तेव्हा समोरच्यानं त्यावर विश्वास का ठेवावा? हे सगळं मी फोनवर बोललो, जरा चढ्या आवाजातच. दादानं फोन ठेवला.

चौथ्या दिवशी तोच फोटो सांगलीहून फिरून आला. मी लिहिलेल्या ओळी गायब, वर मोठ्या अक्षरांत "पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं शिवमंदिर"! मला दादाच्या बोलण्यापेक्षा याचं जास्त लागलं. बीचिराजाचं नाव आठ शतकं टिकलं आणि आमच्या नातेवाइकांनी चार दिवसांत पुसलं.

तेव्हा तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो: जागा, कुणी बांधलं, कधी आणि तुम्हाला हे कुठून कळलं, एवढं लिहाच. शक्य असेल तर फोटोवरच बारीक अक्षरांत लिहा, म्हणजे पुढे पाठवताना गळत नाही. दंतकथा लिहायला माझी ना नाही. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीजवळच्या वडाला लोक मुलासाठी पाळणे बांधतात, त्याचा फोटो मीही टाकलाय. पण तिथं "लोकांची श्रद्धा आहे" असं लिहिलंय आणि रायण्णाला 1831 साली इंग्रजांनी फाशी दिलं ही ओळ वेगळी लिहिलीय. दोन्ही एकत्र कालवू नका. ज्याला साधं नाव-साल शोधायचा कंटाळा आहे, त्यानं फोटो स्वतःजवळच ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

हां, एक राहिलं. किल्ल्यात लष्कराचा भाग आहे, तिकडे मोबाइल वळवू नका. गाभाऱ्यातल्या मूर्तीचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, नको म्हणाले तर नको. आणि मी लिहिलेलंही चुकू शकतं. हलशीच्या मंदिराबद्दल एकदा चुकलो होतो, खानापूरच्या एका शिक्षकांनी दाखवून दिलं, त्याच दिवशी बदललं.

दादा आता बोलतो. पण परवा वहिनींसमोर पुन्हा म्हणाला, "तेवढा शब्द काढ, बाकी फोटो झकास आहे." दादा, हे वाचशील तेव्हा वाच. फोटो हवा तर फ्रेम करून आणून देतो, पण खालची ओळ आहे तशीच राहील.