तंबूतला सांबार: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: उन्हाळ्यात सांबार (कोथिंबीर) मिळत नाही, मिळाला तर महाग. आतून चकचकीत कापडाचे ग्रो टेंट ऑनलाइन मिळतात, त्यात एलईडीखाली सांबार लावायचा आहे. चार बाय दोन फुटांचा तंबू पुरेल का? दिवा किती वॅटचा घ्यावा?
– एक वाचक, मोर्शी

उत्तर: घरापुरता सांबार घ्यायला चार बाय दोन फूट आणि सहा फूट उंचीचा तंबू पुरतो. विकण्यासाठी मात्र या भानगडीत पडू नका, हिवाळ्यातल्या वाफ्याशी त्याची बरोबरी होत नाही. आठ चौरस फुटांवर पालेभाजीला 100 ते 120 वॅटचा चांगला एलईडी भागतो. हे वॅट प्रत्यक्ष ओढलेल्या विजेचे धरा. खोक्यावर ‘1000 वॅट’ छापलेला दिवा पुष्कळदा शंभराच्या आतबाहेर वीज ओढतो. तपासायची सोपी रीत आहे. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त दिवा लावा आणि मीटरवरचा लाल ठिपका मिनिटभर मोजा. मीटरवर ‘3200 इम्प/केडब्ल्यूएच’ लिहिलं असेल तर 150 वॅटला मिनिटात 8 लुकलुका होतात. पाच-सहाच झाल्या तर दिवा शंभर वॅटच्या आसपासचा समजा.

बिलाचाही हिशोब आधी करा. 100 वॅट रोज 12 तास म्हणजे 1.2 युनिट. 25 वॅटचा एक्झॉस्ट पंखा दिवसरात्र चालला की 0.6 युनिट. चाळीस दिवसांच्या पिकाला साधारण 72 युनिट लागतात. घरगुती बिलात शंभर युनिटांच्या वर दर बराच चढतो, म्हणून महिन्याला 80-90 युनिट जाळणाऱ्या घराला हा सांबार दिसतो त्यापेक्षा महाग पडतो.

प्रश्न: मार्चमध्ये तंबू लावला. एप्रिलमध्ये बी उगवलंच नाही, जे उगवलं ते आठवड्यात सुकलं. पंखा तर सतत चालू आहे.
– एक वाचक, वरोरा

उत्तर: एक्झॉस्ट पंखा तंबू थंड करत नाही, फक्त खोलीच्या तापमानाजवळ आणतो. खोलीत 38 अंश असेल तर तंबूत 38 च्या वरच राहणार, कारण दिवा ओढतो ती वीज शेवटी उष्णताच होते. सांबाराचं बी 15 ते 25 अंशांत नीट उगवतं, तिशीच्या पुढे उगवण विरळ होते. तुमच्याकडे दोष बियाण्याचा नसावा.

तीन गोष्टी बदला. पहिली म्हणजे दिव्याचे तास रात्री न्या, संध्याकाळी 7 ते सकाळी 7. टायमर बॅटरीवाला डिजिटल घ्या. चाकीवाला टायमर लाईन गेली की थांबतो आणि दोन-तीन दिवसांत त्याची रात्र दुपारी येऊन ठेपते. दुसरी म्हणजे पंख्याची नळी खिडकीबाहेर काढा. ती खोलीतच सोडली तर तीच गरम हवा फिरत राहते. खालची जाळीची खिडकी उघडी हवी. पंखा चालू असताना तंबूच्या भिंती किंचित आत ओढलेल्या दिसल्या की हवा बरोबर वाहते आहे असं समजावं.

तिसरी गोष्ट घरातला कूलर. एप्रिल-मेची कोरडी हवा असेतो तो खोलीत लावा, तंबूत थेट झोत मारू नका. थेट झोताने कोवळी रोपं लवंडतात आणि पानं ओली राहतात. पावसाळ्यात कूलरचा उपयोग नाही, हवेतली ओल वाढते एवढंच. कूलर लावूनही खोली तिशीखाली येत नसेल तर मे महिना सोडून द्या. पहिलं पीक दिवाळीनंतर घ्यावं आणि त्यात हात बसला की मग मार्चचं धाडस करावं.

प्रश्न: शेतातली काळी माती कुंडीत भरली. वरून भेगा पडतात, खाली मात्र चिखल. पाणी बोअरचं आहे, पानांच्या कडा करपतात.
– एक वाचक, दर्यापूर

उत्तर: कापसाची काळी माती शेतात सोनं असली तरी कुंडीत ती नको. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून कडेपासून सुटते आणि पुढचं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग जाळलेलं तूस असं मिश्रण करा. तूस भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलजवळ सहज मिळतं, ते राख होईपर्यंत नव्हे, काळं पडेपर्यंतच जाळायचं. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यात धुवा, त्यात क्षार असतात. ट्रे निदान 15 सेंटीमीटर खोल आणि तळाला भोकं असलेला हवा, कारण सांबाराचं मूळ सरळ खाली जातं. म्हणूनच त्याची रोपं उपटून दुसरीकडे लावू नयेत.

करपलेल्या कडांचं कारण बहुधा पाण्यात आहे. दर्यापूर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतं. तिथलं बोअरचं पाणी कुंडीत रोज घातलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. मातीवर आणि ट्रेच्या काठाला पांढरा थर दिसतो का बघा. असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी किंवा आरओचं पाणी वापरा आणि एकदा भरपूर पाणी घालून ते खालून वाहून जाऊ द्या. आरओच्या पाण्यात कॅल्शियम नसल्यासारखंच असतं, त्यामुळे पंधरवड्यातून एकदा लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट द्या. ड्रिपला वापरता ते 19:19:19 तिसऱ्या आठवड्यापासून लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा पुरे. ही दोन्ही खतं एकाच डब्यात कालवू नका, साका तळाला बसतो.

प्रश्न: रोपं लांबुडकी होऊन पडतात. मैत्रिणीच्या तंबूत तर महिन्याभरात फुलंच आली.
– एक वाचक, उमरखेड

उत्तर: या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तुमचा दिवा उंच किंवा कमजोर आहे. उगवण झाल्यावर दिवा पानांपासून 40-45 सेंटीमीटरवर ठेवा, दहा दिवसांनी 30 वर आणा. वरची पानं फिकट पांढरट पडू लागली तर पुन्हा वर घ्या. एक लहान पंखा हलकी झुळूक देत राहिला की देठ जाड होतात.

मैत्रिणीचा दिवा बहुधा 16-18 तास चालत असावा. लांब दिवस आणि उष्णता मिळाली की सांबार फुलोऱ्यावर येतो. अकरा-बारा तासांच्या पुढे जाऊ नका. लाईन दोन-चार तास गेली तर पिकाचं काही बिघडत नाही, इन्व्हर्टर दिव्यासाठी खर्ची घालू नका. पंख्याला मात्र जोडा, बंद तंबूत दिवस वर आला की हवा झपाट्याने तापते.

पेरणीबद्दल एक. धना म्हणजे एका टरफलात दोन बिया. पोळपाटावर हलका लाटून त्याचे दोन भाग करा, रात्रभर भिजवा आणि एक सेंटीमीटर खोल पेरा. मसाल्याच्या डब्यातला जुना धना नको.

प्रश्न: ट्रेवर बारीक काळ्या माश्या उडतात. शेतातलं औषध मारू का?
– एक वाचक, आर्णी

उत्तर: बिलकुल नको. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात उघड्या शेतात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ही तर बंद खोली आहे आणि पीक पंधरा दिवसांत ताटात येणार आहे. त्या माश्यांच्या अळ्या सतत ओल्या असलेल्या वरच्या थरात राहतात. वरचा बोटभर थर वाळू द्या, पाणी ट्रेखालून द्या, पिवळे चिकट सापळे लावा. कोरड्या उन्हाळ्यात पानांमागे लाल कोळी आला तर पानं खालून पाण्याने धुवा आणि दिवा बंद असताना निंबोळी अर्क फवारा.

वायरबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगतो: प्लग जमिनीवर नको, भिंतीवर वर हवा, आणि वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्या म्हणजे पाणी तिथूनच गळून पडेल. 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळाली की लाईन तोडणारं) बसवा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत जा.

प्रश्न: याच तंबूत गांजाचं एखादं रोप, फक्त घरच्यापुरतं, लावलं तर? भांग तर दुकानात मिळते.
– एक वाचक (गाव छापू नये)

उत्तर: नाही, आणि त्याची रीतही इथे मिळणार नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यात या झाडाची लागवड परवान्याशिवाय गुन्हा आहे. कलम 20 खाली 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. लागवडीला ‘एवढ्याखाली चालेल’ अशी मर्यादा नाही, एक रोपही लागवडच. खोली भाड्याची असेल आणि मालकाला माहीत असेल तर कलम 25 खाली तोही अडकतो. भांगेचा मुद्दा वेगळा: कायद्यातली गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांची आहे, सुटी पानं तीत येत नाहीत. पण म्हणून झाड लावायची मोकळीक मिळत नाही.

याच्यासारखीच दिसणारी पानं हवी असतील तर अंबाडी लावा. तिचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, बोटांसारख्या फाटलेल्या पानांवरून पडलेलं. तिला तंबू लागत नाही, तुरीच्या धुऱ्यावर येते. भाजी करा, वर लसणाची फोडणी टाका. शेजाऱ्याने संशय घेतला तर त्याच्याकडेही वाटीभर पाठवा.